शोधणाऱ्याचे नाव

खानदेशात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत आता लग्नांच्या जोडीने दहावीच्या जुन्या बॅचचे स्नेहमेळावे भरतात. एकेकाळी एका वर्गात बसलेली आणि आता सुरत, नाशिक, पुणे, कल्याण अशी पांगलेली माणसे एका दिवसासाठी शाळेच्या पटांगणावर जमतात, निवृत्त शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, वरण-बट्टी आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीचे जेवण होते आणि पुढची दोन वर्षे पुरतील इतके फोटो निघतात. या सगळ्याच्या आधी काही महिने माणसे शोधण्याचे किचकट काम चालते आणि ते वर्गातल्या ज्या दोघातिघांना मोबाईलमधले कळते त्यांच्या गळ्यात पडते. मी धुळ्यात शिक्षिका आहे, माझे माहेर अमळनेर तालुक्यात आहे आणि आमच्या बॅचमधल्या मुलींचा शोध माझ्याकडे सोपवला गेला. समाजमाध्यमांवर माणूस सापडतो कसा आणि सापडल्यावर आपण त्याच्याशी वागतो कसे, याविषयी त्या कामातून माझे जे मत तयार झाले ते येथे मांडते आहे.

पुरुषांना शोधणे त्या मानाने सोपे असते, पण तिथेही पहिली अडचण आडनावाची येते. फेसबुकवर ‘संजय पाटील, जळगाव’ असे लिहिले की जी नावे समोर येतात ती संपतच नाहीत. खानदेशात गोपनीयतेची सर्वांत स्वस्त आणि भरवशाची सोय म्हणजे पाटील आडनाव, असे आम्ही गमतीने म्हणत असू. त्यामुळे नावावरून शोध लागत नाही, तो लागतो मित्रयादीवरून. आपल्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचे खाते उघडायचे, त्याच्या यादीतली नावे वाचत जायचे, त्यात गावातली आणखी चार नावे दिसली की त्यांच्या याद्या पाहायच्या, आणि अशा रीतीने तासाभरात हवा असलेला संजय पाटील हाती लागतो, मग त्याने स्वतःच्या पानावर गावाचे किंवा शाळेचे नाव लिहिलेले असो वा नसो. म्हणूनच ज्याला खरोखर सापडायचे नाही त्याने स्वतःची माहिती झाकण्याआधी आपली मित्रयादी झाकावी आणि जवळच्या माणसांनाही त्यांची झाकायला सांगावी. ती फक्त स्वतःला दिसेल अशी सोय फेसबुकच्या सेटिंगमध्ये आहे, परंतु प्रोफाइल लॉक केले म्हणजे सगळे झाले असे समजून बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत. लॉक करण्याची ती सोय भारतात मे २०२० मध्ये आली. अनोळखी माणसाला फोटो आणि पोस्ट दिसू नयेत यासाठी ती उपयोगी आहे. तरीही तुमचे नाव तुमच्या भावाच्या, दिराच्या किंवा शेजारणीच्या उघड्या यादीत दिसत राहते.

मुलींचा शोध हा मात्र वेगळाच प्रकार ठरला. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, आणि आमच्या पिढीपर्यंत बऱ्याच घरांत पहिले नावही बदलत असे, त्यामुळे शाळेच्या हजेरीपटावरचे नाव आज कुठल्याच खात्यावर नसते. काहींचे खाते नवऱ्याच्या आणि त्यांच्या जोडनावाने असते, काहींच्या प्रोफाइलवर सप्तशृंगी देवीचा किंवा मुलाचा फोटो असतो, आणि अनेकींचे खातेच नसते, त्या नणंदेच्या मोबाईलवर रील पाहून मोकळ्या होतात. सुरुवातीला मला हे सगळे मागासलेपणाचे वाटत असे. आता तसे वाटत नाही. देवीचा फोटो लावणारी बाई पुष्कळदा विचार करूनच तो लावते. आपण आहोत हे आपल्या माणसांना कळावे आणि इतरांना कळू नये, हा तोल तिने कुठलीही सेटिंग न वाचता साधलेला असतो.

असा तोल दुसऱ्याच्या हातून किती सहज बिघडतो, हे आमच्याच गटात दिसले. सुरतेत राहणाऱ्या एका मैत्रिणीचा पत्ता लागत नव्हता. वर्गातल्या एकाने तिच्या भावाच्या मित्रयादीतून तिचे खाते शोधून काढले, त्यावरचा तिचा आणि मुलांचा फोटो उचलला आणि ‘सापडली!’ असे लिहून व्हॉट्सअॅपच्या बॅचच्या गटात टाकला. त्याचा हेतू वाईट नव्हता, उलट आनंदाच्या भरात त्याने ते केले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा फोन आला की फोटो काढून टाका आणि ताईला गटात घेऊ नका. कारण त्याने सांगितले नाही, आणि ते विचारण्याचा अधिकारही आमच्यापैकी कोणाला नव्हता. गटात मात्र कुरकुर झाली. ‘फोटो तिनेच टाकला होता ना, तो सगळ्या जगाला दिसतोच आहे, मग आम्ही दाखवला तर काय बिघडले?’ असा एकंदर सूर होता.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. माहिती तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये असे मांडले की गोपनीयता म्हणजे माहिती दडवणे नव्हे, माहिती ज्या संबंधात दिली गेली त्या संबंधाच्या रीतीप्रमाणे ती पुढे जाणे होय. डॉक्टरला सांगितलेले दुखणे डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला सांगितले तर आपल्याला वावगे वाटत नाही, पण तेच त्याने आपण जिथे नोकरी करतो तिथल्या मालकाला सांगितले तर विश्वासघात होतो, जरी दोन्ही वेळा माहिती तीच असली तरी. आमच्या मैत्रिणीने फोटो टाकला होता तो सुरतेतल्या शेजारणींसाठी आणि सासरच्या माणसांसाठी. त्यावर कुलूप नव्हते एवढ्यावरून तो वीस-पंचवीस वर्षांत न भेटलेल्या वर्गबंधूंच्या मोबाईलमध्ये साठवण्यासाठी होता, असे ठरत नाही.

मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. माणूस शोधणे हे खानदेशाला नवीन नाही. सोयरीक ठरवण्याआधी मुलाच्या गावात जाऊन चौकशी करणे, कानबाईच्या उत्सवाला कुळातली सगळी घरे एकत्र करणे, सुरतेला गिरणीत गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा त्याच्या गावच्या दुसऱ्या कामगाराकडून काढणे, हे सगळे शोधच होते आणि ते कमालीचे यशस्वी होत असत. पण कोणत्याही गावात शिरून कोणाविषयी विचारले की पारावर बसलेले आजोबा आधी विचारणाऱ्यालाच विचारत, “कोना पोऱ्या शे रे तू? काय काम शे?” त्याचे समाधानकारक उत्तर दिल्याशिवाय पुढची माहिती मिळत नसे, आणि विचारणारा बस पकडून परत जाण्याच्या आत ज्याच्याविषयी विचारले त्याच्या घरी निरोप पोहोचलेला असे की अमुक गावचा अमुक जण तुमची चौकशी करून गेला. म्हणजे शोधणाऱ्याला आधी स्वतःचे नाव सांगावे लागे. या चौकशीत जाच नव्हता असे मी म्हणत नाही. गावाची नजर, विशेषतः मुलींवरची, फार जाचक होती आणि आहे. तरीही ती नजर कोणाची आहे हे निदान कळत असे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्राम यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही याच पद्धतीचा होता. देशाच्या मध्य भागातील काही लोकांना बोस्टनजवळच्या एका अनोळखी माणसापर्यंत टपाल पोहोचवायला सांगितले गेले, अट एवढीच की ते फक्त स्वतःच्या ओळखीच्या माणसाकडे पाठवायचे. जी पत्रे पोहोचली ती सरासरी पाच-सहा हातांतून गेली होती. पुढे २०१६ मध्ये फेसबुकने आपल्या सर्व वापरकर्त्यांचा हिशोब मांडून मधल्या माणसांची सरासरी ३.५७ असल्याचे जाहीर केले, तेव्हा जग किती जवळ आले याचे कौतुक झाले. त्या कौतुकात एक फरक नजरेआड झाला. मिलग्राम यांच्या पत्राला मधल्या प्रत्येक माणसाने हात लावला होता आणि ते पुढे पाठवायचे की नाही हे त्याने ठरवले होते. फेसबुकवर मधल्या साडेतीन माणसांना आपल्या अंगावरून कोण गेले याचा पत्ताही लागत नाही.

हे असेच असायला हवे होते असे नाही. ऑर्कुट हे जुने समाजमाध्यम ज्यांनी वापरले आहे त्यांना आठवत असेल की तिथे आपल्या पानावर अलीकडे कोण येऊन गेले ते पाहता येत असे, मात्र त्यासाठी आपणही दुसऱ्याच्या पानावर गेल्याचे दिसू देण्यास तयार असावे लागे. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. नोकरी-व्यवसायासाठीच्या लिंक्डइनवर अशी सोय आजही आहे. फेसबुकने ती दिलेली नाही, आणि म्हणूनच ‘तुमचे प्रोफाइल कोणी पाहिले ते जाणून घ्या’ असे सांगणारी जी अॅप आणि लिंक अधूनमधून फिरतात ती सरसकट खोटी असतात, त्यांवर आपला पासवर्ड कधीही देऊ नये. नाव न सांगता हवे तितका वेळ दुसऱ्याच्या अंगणात उभे राहता येणे हा तंत्रज्ञानाचा अटळ परिणाम नव्हे, तो कंपनीने केलेला निर्णय आहे, आणि माणसे जास्त वेळ पाहत राहावीत असाच त्याचा परिणाम होतो.

आपण स्वतः काहीच न करताही सापडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. फेसबुकने ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ अशी नावे सुचवायला २००८ मध्ये सुरुवात केली. त्या सूचना समाईक मित्र, शाळा, कामाचे ठिकाण यांवरून जशा येतात तशाच लोकांनी चढवलेल्या फोनमधील संपर्कयाद्यांवरूनही येतात. मी माझी यादी दिली नाही, पण माझ्या दूधवाल्याने, मुलाच्या शिकवणीच्या सरांनी आणि चुलतभावाने दिली, तर माझा नंबर तिथे तीनदा पोहोचलेला असतो. अनोळखी क्रमांकाचे नाव दाखवणाऱ्या ट्रूकॉलरमुळे तर भलत्याच गमती होतात. ती कंपनी २००९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली आणि आज तिची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे. तिथे दिसणारे नाव आपण ठेवलेले असेलच असे नाही, त्यामुळे एखादे प्रतिष्ठित डॉक्टर ‘पप्पू मामा’ म्हणून झळकू शकतात. त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन आपला क्रमांक यादीतून काढता येतो.

दुसऱ्याच्या संमतीने आपली माहिती जाण्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये उघडकीस आलेले केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण. त्यात फेसबुकवरच्या एका प्रश्नावलीच्या अॅपमधून लोकांची माहिती या नावाच्या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार ती वादग्रस्त प्रश्नावली भारतात अवघ्या ३३५ जणांनी उघडली होती, पण त्यांच्या मित्रांच्या यादीमुळे सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती जाण्याची शक्यता निर्माण झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने फोन क्रमांक टाकून माणूस शोधण्याची सोय बंद केली, कारण तिचा गैरवापर करून असंख्य लोकांची माहिती गोळा केली गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. संपर्कयादी चढवण्याची वाट मात्र काही काळ तशीच राहिली आणि तिच्यातून गोळा झालेली १०६ देशांतील ५३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती एप्रिल २०२१ मध्ये इंटरनेटवर फुकट उपलब्ध झाली, तीत भारतातील सुमारे ६० लाख खाती होती. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने त्याबद्दल फेसबुकच्या मालक मेटा कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. आपला नंबर एकदा असा गेला की तो परत येत नाही, आणि आपण नंबर बदलतो तरी किती वेळा?

परंतु कंपन्यांना दोष देण्याआधी आपल्या घरात डोकवायला हवे. खानदेशातील जवळजवळ प्रत्येक समाजाचे वधू-वर परिचय मेळावे होतात आणि त्यांच्या सूच्या निघतात. पूर्वी त्या छापील पुस्तकाच्या रूपात असत आणि कपाटात राहत. आता त्यांची पीडीएफ होते आणि व्हॉट्सअॅपच्या एका गटातून दुसऱ्या गटात जात राहते. त्या बायोडाट्यात मुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, नोकरीचे ठिकाण, पगार, वडिलांची शेती किती एकर, मामांचे नाव आणि गाव, घरचा पत्ता आणि मोबाईल क्रमांक इतके सगळे एका पानावर असते. बँका आणि इतर सेवा ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव विचारतात, आणि ही दोन्ही उत्तरे आपण स्वतःच्या हाताने त्या पानावर छापून देतो. शिवाय ते पान कधीच मागे घेतले जात नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या लग्नाला दोन वर्षे झाल्यावरही तिच्या वडिलांना स्थळासाठी फोन येत होते, आणि हे फोन सभ्य माणसांचे होते म्हणून ते हसण्यावारी गेले.

सूचीच नको असे मी म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे लग्ने जमतात आणि दूरच्या शहरात एकट्या पडलेल्या कुटुंबांना तिचा मोठा आधार असतो. पहिल्या पानावर गाव, शिक्षण, कुळ आणि वडिलांचा किंवा काकांचा नंबर एवढेच द्यावे, जन्मवेळ आणि पगार पुढे बोलणे सुरू झाल्यावर सांगावा, नोकरीच्या कार्यालयाचे नाव टाळावे, मुलीचा स्वतःचा नंबर कधीही देऊ नये आणि बायोडाटा कोणत्या महिन्यात तयार केला ते त्यावर लिहावे, म्हणजे जुने पान जुने आहे हे तरी कळेल. हे मी समाजाच्या एका बैठकीत सुचवले तेव्हा एक ज्येष्ठ नाना म्हणाले, “आपलाच समाज आहे, लपवायचे कोणापासून?” पीडीएफला समाज नसतो, हे त्यांना पटवून द्यायला वेळ लागला.

कायद्याची मदत कुठवर होते, हेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, आणि त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. कंपन्यांनी काय करावे हे त्यात आहे आणि त्यांच्यासाठी २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूदही आहे. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि माणसाने स्वतःच सार्वजनिक केलेली माहितीही येत नाही. आमच्या गटातला तो ‘सापडली!’ चा फोटो बहुधा या दोन्ही दरवाजांतून सुटला असता. शोधण्याचे रूपांतर पाठलागात झाले की मात्र फौजदारी कायदा लागू होतो. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी आपल्या नावाने खोटे खाते काढले तर त्या माध्यमाकडे तक्रार केल्यावर माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार त्यांना ठरलेल्या मुदतीत तातडीने कारवाई करावी लागते. याच खोट्या खात्यावरून नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले आणि कोणी पाठवले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

शोधण्याचे मोलही विसरता येत नाही. भुसावळसारख्या जंक्शनवर चुकलेली वृद्ध माणसे, नंदुरबारकडून ऊसतोडीला गुजरातेत गेलेली आणि संपर्क तुटलेली कुटुंबे, यांच्यासाठी एखादा फिरता संदेश खरोखर वरदान ठरतो. फक्त माणूस सापडल्यावर ‘सापडले’ हा संदेश पहिल्या संदेशाइतका फिरत नाही, आणि घरच्यांच्या नंबरावर कित्येक महिने फोन येत राहतात. असा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यातल्या नंबरावर एकदा फोन करून विचारणे एवढे तरी आपल्या हातात असते.

मी स्वतः एक रीत ठरवून घेतली आणि ती मला पुरली. एखादी मैत्रीण कुठे आहे याचा अंदाज आला की तिला थेट संदेश न पाठवता तिच्या माहेरच्या माणसाला, शक्यतो आईला किंवा वहिनीला, माझे माहेरचे पूर्ण नाव, गाव, बॅच आणि कामाचे कारण सांगायचे, माझा नंबर द्यायचा, आणि तिचा नंबर मागायचा नाही. तिला वाटले तर ती फोन करील. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारायचे नाही. या रीतीत वेळ फार जातो, गटातले लोक ‘अजून सापडली नाही का?’ म्हणून टोचत राहतात, आणि काही वेळा निरोप मधल्या माणसापाशीच अडतो, कारण मुलीने कोणाशी बोलावे हे ठरवणारी घरे अजून आहेत. ही या रीतीची खरी उणीव आहे आणि तिच्यावर मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही. तरीही ज्यांचे फोन आले त्यांच्या बोलण्यात अवघडलेपण नव्हते, कारण फोन त्यांनी केला होता.

मेळाव्यासाठी नावांची छापील यादी करायची ठरली तेव्हा ज्यांचे उत्तर आले नव्हते त्यांचे काय करायचे, यावर पुन्हा वाद झाला. काहींचे म्हणणे होते की जेवढे ठाऊक आहे तेवढे छापावे, निदान सासरचे गाव तरी. शेवटी असे ठरले की अशा सर्वांची फक्त हजेरीपटावरची नावे छापायची, आताचे आडनाव, गाव आणि क्रमांक यांचे रकाने काढूनच टाकायचे, आणि ‘संपर्क झाला नाही’ असा शेराही मारायचा नाही, कारण तो वाचून आणखी चार जण शोधाला लागतात. ज्यांनी संमती दिली त्यांच्यासाठी वेगळे पान केले, आणि त्यातल्या काहींनी स्वतःच्या नंबराऐवजी भावाचा नंबर दिला होता, तो तसाच छापला.